पाचव्या दिवशी हौद का आटतो?

प्रश्न लातूरच्या एका ताईंचा आहे. रो-हाउस, घरात पाच माणसं: नवरा-बायको, दोन मुलं आणि सासूबाई. नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी येतं. जमिनीखाली पाच हजार लिटरचा हौद, गच्चीवर हजार लिटरची टाकी. पाणी आलं की दोन्ही काठोकाठ भरून घेतात. तरी पाचव्या दिवशी खडखडाट आणि टँकरवाल्याला फोन. पुढच्या अंगणात दहा बाय वीस फुटांची लॉन, पंचवीसेक कुंड्या, शिवाय कडीपत्ता, लिंबू, जास्वंद. दात घासताना नळ बंद ठेवतात, भांडी टबात विसळतात, मुलांचा शॉवर बंद केलाय. त्या विचारतात, "आता आणखी काय करायचं? बाग सोडून द्यायची का?"

ताई, बाग सोडू नका. मी पंचवीस वर्षं याच भागात नळजोडणीची आणि ठिबकाची कामं करतोय, आणि तुमचं दुखणं झाडांत नाही, नजरेआडच्या गळतीत आणि लॉनवर पाईपने ओतल्या जाणाऱ्या पाण्यात आहे असं मला वाटतं.

आधी साधा हिशेब मांडू. हौद आणि टाकी मिळून ६००० लिटर. आठ दिवस, पाच माणसं. म्हणजे माणशी रोज १५० लिटर. शहरांच्या पाणीयोजना आखताना माणशी १३५ लिटर धरतात, म्हणजे तुमच्या घरात येणारं पाणी कमी नाही. पण ते पाच दिवसांत संपतंय, म्हणजे रोज १२०० लिटर जातंय. जायला हवं ७५०. मधले ४५० लिटर रोज कुठेतरी पळतायत. दात घासताना नळ बंद ठेवणं चांगलंच, मुलांना ती सवय राहू द्या. पण पाच जणांचे मिळून त्यात दिवसाला दोन-तीन बादल्या वाचत असतील. साडेचारशे लिटर म्हणजे पंचवीस-तीस बादल्या. एवढं पाणी सवयींतून जात नाही. ते नजरेआड कुठेतरी गळतं, नाहीतर पाईप लावून एकदम ओतलं जातं.

म्हणून काहीही विकत आणण्याआधी मोजा. रात्री सगळे झोपले की हौदाचं झाकण उघडा, पाण्याच्या पातळीवर भिंतीला खडूने रेघ मारा आणि मोटर बंद ठेवा. गच्चीवरच्या टाकीत एक सरळ काठी तळापर्यंत बुडवा, ओल जिथवर आली तिथे खूण करा. रात्री कुणी संडासला गेलं तर किती वेळा गेलं ते सकाळी विचारून घ्या. पहाटे पाचला दोन्ही पुन्हा बघा. हजार लिटरच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे नऊ-दहा लिटर. सहा बाय सहा फुटांच्या हौदात एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ३३ लिटर. हा आकडा नीट लक्षात घ्या. हौदाची पातळी करंगळीच्या जाडीएवढी उतरली, तरी ती कुणाच्या लक्षात येत नाही आणि दोन बादल्या जमिनीत गेलेल्या असतात.

हौद जुना असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावर जातो. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि दरवर्षीच्या त्या ताणाने सिमेंटच्या हौदाला बारीक चिरा पडतात. चीर ओळखायची एक खूण सांगतो. पाणी एका ठरावीक पातळीपर्यंत भराभर उतरतं आणि मग तिथेच थांबतं. जिथे थांबलं, चीर तिथेच किंवा किंचित वर असते. दुसरी नेहमीची जागा म्हणजे हौदाच्या भिंतीतून पाईप बाहेर पडतो तो सांधा. हौद रिकामा असताना ही जागा हाताने चाचपा. ओलसर, मऊ लागली, सिमेंट खरवडून हातात आलं, तर तिथूनच पाणी जातंय. वॉटरप्रूफिंगचं काम करायचं तर हौद पूर्ण रिकामा लागतो, म्हणून तुमच्या पुढच्या पाणी येण्याच्या दिवसाच्या आदल्या दिवशी गवंडी बोलवा आणि लेप वाळायला किती वेळ लागेल ते आधीच विचारून ठेवा. ओल्या लेपावर पाणी घेतलं तर काम वाया जातं.

हौद ठीक निघाला आणि टाकीची खूण उतरली, तर संडासात जा.

इथे माझ्याच घरची गोष्ट सांगतो. २०१६चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, आणि १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत आम्ही टँकरचं पाणी टाकीत चढवत होतो आणि घरात तांब्याने मोजून वापरत होतो. मी दिवसभर लोकांचे नळ दुरुस्त करत फिरायचो. आणि माझ्याच घरातल्या पाहुण्यांच्या संडासाची फ्लशची टाकी रात्रंदिवस झिरपत होती. आवाज नाही, थेंब नाही. भांड्याच्या मागच्या बाजूने केसाएवढी धार सरकत होती. जूनमध्ये ते लक्षात आलं. टँकरचं ते सगळं पाणी असं गटारात गेलं याची खंत मला अजून आहे. तेव्हापासून मी कुठल्याही घरात गेलो की सगळ्यात आधी फ्लश तपासतो.

तपासणी सोपी आहे. फ्लशच्या टाकीचं झाकण काढून त्यात कपड्यांची नीळ किंवा खाण्याचा रंग टाका आणि वीस मिनिटं कुणालाही फ्लश ओढू देऊ नका. भांड्यात निळसर पाणी दिसलं, तर आतलं रबर बसत नाही. आपल्याकडे याचं कारण बहुतेक वेळा क्षार असतात. बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्याचा पांढरा थर रबराच्या बैठकीवर चढतो, ती खरबरीत होते आणि रबर घट्ट टेकत नाही. टाकीचा कॉक बंद करा, टाकी रिकामी करा, लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून त्या कडेवर लावा, अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासा. एवढ्याने बहुतेक टाक्या सुधारतात. नाही सुधारली तर रबर बदला. फार महाग नसतं. त्याच वेळी आतल्या बॉलकॉकची, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याची, उंचीही बघा. मधल्या नळीच्या तोंडापर्यंत पाणी चढत असेल, तर ते त्या नळीतून सतत भांड्यात जात राहतं. दांडी थोडी खाली वाकवली किंवा स्क्रू फिरवला की पातळी दोन बोटं खाली येते.

आता फ्लश किती पाण्याचा आहे ते बघा. जुन्या टाक्या दहा-बारा लिटरच्या असतात. पाच माणसं, माणशी पाच वेळा, दर वेळी दहा लिटर: रोजचे २५० लिटर इथेच गेले. अशा टाकीत लिटरची बाटली पाणी आणि वाळू भरून, बूच घट्ट लावून उभी ठेवा. आतल्या यंत्राला ती घासणार नाही एवढं बघा. दर फ्लशला लिटरभर वाचतं. वीट ठेवू नका, ती झिजते आणि तिचा भुगा रबराखाली जाऊन बसतो. टाकी नवी, दोन बटणांची, तीन आणि सहा लिटरची असेल, तर तिच्यात काहीही ठेवू नका. कमी पाण्याने भांडं साफ होत नाही, मग माणूस दोनदा ओढतो आणि जास्तच जातं. लघवीनंतर तर तांब्याभर पाणी पुरतं. वापरलेलं पाणी वेगळ्या बादलीत साठवून तेच टाका.

नळांबद्दल थोडंच सांगतो. लिटरचं माप नळाखाली धरा. चार-पाच सेकंदांत भरलं तर तो नळ मिनिटाला बारा-पंधरा लिटर सोडतोय, हात धुवायला एवढं कशाला? दुकानदार तोंडाला बसवायची जाळी देईल. पण तुमची टाकी एकमजली घराच्या गच्चीवर, नळापासून आठ-दहा फूट उंचीवर आहे. तेवढ्या दाबावर कमी पाण्याच्या काही जाळ्यांतून नुसती पिचकारी येते आणि घरातले चिडून ती काढून टाकतात. त्यापेक्षा बेसिनखालचा अँगल कॉक अर्धा फिरवून ठेवा. खर्च काही नाही आणि पाणी निम्मं येतं. गळक्या तोटीचा वॉशर बदलायला दहा मिनिटं लागतात. थेंब पडतोय तिथे रात्री भांडं ठेवून सकाळी मोजा, म्हणजे हे काम पुढच्या आठवड्यावर ढकलावंसं वाटणार नाही.

आरओचं मशीन असेल तर एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर फेकलं जातं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा पेनासारखा मीटर थोडक्या पैशांत मिळतो. नळाच्या पाण्याचा आकडा ५००च्या आत असेल, तर आरओची गरज नाही, किरणांनी जंतू मारणारं साधं यूव्हीचं मशीन पुरतं. बोअरच्या पाण्यासाठी आरओ लागत असेल, तर त्याचं फेकलेलं पाणी पिंपात धरा आणि फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा. कुंड्यांना ते रोज देऊ नका. सगळे क्षार त्या पाण्यात एकवटलेले असतात. महिन्या-दोन महिन्यांत मातीवर पांढरी साय येते आणि पानांच्या कडा करपतात.

आणि एक सवय, जी मला आपल्या गावात फार ठिकाणी दिसते. नळाला पाणी यायची वेळ झाली की उरलेलं पाणी 'शिळं झालं' म्हणून मोरीत ओतून देतात. झाकलेलं पाणी आठ दिवसांत शिळं होत नाही, ताई. पिण्याच्या पाण्यासाठी क्लोरीनचे थेंब मिळतात, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ते टाका. बाकीचं पाणी धुण्याला, फरशीला, झाडांना. मात्र डासांची भीती खरी आहे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण आठवड्याभरात त्यांचे डास होतात, म्हणून तर आरोग्यवाले आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणतात. कोरडा दिवस पाळायचाच. पण पिंपातलं पाणी गटारात न ओतता फडक्यातून गाळून घ्या, किंवा सरळ झाडांच्या आळ्यात ओता. अळ्या मातीत जगत नाहीत. रिकामं पिंप आतून काथ्याने घासा, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात. हौदाच्या हवेच्या नळीच्या तोंडाला जाळी किंवा सुती फडकं बांधून टाका.

आता बाग.

तुमच्या बागेत झाडं पाणी पीत नाहीत, लॉन पितेय. दहा बाय वीस म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्या उन्हाळ्यात हिरवळीला रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे अगदी नेमकं दिलं तरी रोज शंभर लिटर. आणि पाईपने नेमकं दिलं जात नाही. वीस मिनिटं पाईप धरला की अडीचशे-तीनशे लिटर जातात, त्यातलं निम्मं भिंतीवर, फरशीवर आणि ऊन तापलेलं असेल तर हवेत. तुमच्या साडेचारशे लिटरांतला मोठा भाग मला इथे दिसतोय.

नर्सरीतून आणलेली गालिच्यासारखी लॉन आपल्या हवेची नाही. तिच्या जागी साधी हरळी येऊ द्या. उन्हाळ्यात ती पिवळी पडेल, अगदी मेल्यासारखी दिसेल, पण खालचे कोंब जिवंत असतात आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर आठवड्याभरात ती हिरवी होते. गणपतीला दूर्वाही घरच्या मिळतील. एवढी हिरवळ नको असेल तर निम्म्या भागातली लॉन काढून तिथे शेवगा किंवा पारिजातक लावा. दोन-तीन वर्षांत सावली झाली की खालच्या कुंड्यांचं पाणीही कमी होतं.

लिंबू, जास्वंद, कडीपत्ता यांना रोज शिंपडणं हे त्यांच्यावर प्रेम करणं नाही. रोजच्या शिंपण्याने वरची दोन बोटं माती ओली राहते, मुळं तिथेच घोटाळतात आणि एक दिवस पाणी चुकलं की झाड माना टाकतं. चार-पाच दिवसांनी एकदा, सावकाश, खोलवर पाणी द्या. आळं खोडाला चिकटून करू नका. फांद्यांची सावली जिथे संपते तिथे गोल करा, कारण पाणी पिणारी बारीक मुळं तिकडे असतात. आणि आळ्यात चार बोटं जाडीचं आच्छादन घाला: पालापाचोळा, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं. दुपारी बाराला आच्छादनाखाली हात घालून बघा, मग शेजारच्या उघड्या मातीवर हात ठेवा. उघड्या मातीवर तो ठेववणार नाही, आच्छादनाखाली सकाळचा गारवा सापडेल. तिथली ओल त्या गारव्यानेच टिकलेली असते.

लिंबाच्या झाडाला मी मडकं पुरायला सांगेन. कुंभाराकडून साधं, बिनरंगाचं, पाच-सात लिटरचं मडकं आणा. आधी भरून तासभर ठेवा. बाहेरून घाम फुटल्यासारखं ओलसर झालं तर ते चालेल, कोरडं ठणठणीत राहिलं तर परत करा. आळ्याच्या कडेला गळ्यापर्यंत पुरा, भरा, वर पणती किंवा परळ झाका म्हणजे डास शिरणार नाहीत. माती कोरडी झाली की मडकं पाणी सोडतं, ओली असली की सोडत नाही. दोन-चार दिवसांनी पुन्हा भरायचं. तुम्ही गावाला गेलात तरी झाड तगतं. दोन-तीन वर्षांत क्षारांनी त्याची छिद्रं बुजतात, मग बदला. कुंड्यांसाठी नियम एवढाच, की पाणी देण्याआधी बोट पेरभर मातीत घालायचं. ओल लागली तर आज पाणी नाही. कुंड्या एकमेकींना चिकटून, घराच्या पूर्वेकडच्या भिंतीशी ठेवा. दुपारचं ऊन टळलं की त्यांची तहान बरीच कमी होते.

पाईप काढून ठेवा आणि झारी घ्या. दहा लिटरची झारी दहा वेळा उचलली की शंभर लिटर म्हणजे किती, हे हाताला कळतं.

राहिलं वापरलेल्या पाण्याचं. तुम्ही लिहिलंय की अंघोळीचं पाणी झाडांना घालायला सासूबाईंचा विरोध आहे. त्यांना एकदा विचारा, त्यांच्या माहेरी न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर काय लावलेलं असायचं? अळू, केळ, कर्दळ हेच त्या सांगतील. जुन्या घरांत न्हाणीचं पाणी वाया जायचं नाही, ते याच तीन झाडांसाठी असायचं. न्हाणीघराची बाहेरची नळी गटारातून काढून दोन फूट रुंद खड्ड्यात सोडा. खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर जाड वाळू, आणि कडेने कर्दळ-केळ. पाणी तुंबून उभं राहू देऊ नका. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून गटारं आणि डास दोन्ही घालवले. तुमच्या अंगणातला हा खड्डा त्याच जातीचा. अळू मात्र या पाण्यावर घेतलात तर नीट शिजवूनच खा, आणि कोथिंबीर-पालक यांना हे पाणी अजिबात नको. तुळशीलाही नको. तिला सासूबाईंच्या हातचं तांब्याभर ताजं पाणीच राहू द्या, त्यात काटकसर करायची वेळ तुमच्यावर आलेली नाही.

धुण्याच्या पहिल्या पाण्यात साबणाचा सोडा फार असतो; ते जमिनीत जात राहिलं तर काळी माती चिकट, घट्ट होते आणि पाणी मुरत नाही. मी एका गिऱ्हाइकाच्या कढीपत्त्याला ते पाणी जोडून दिलं होतं आणि झाड महिन्याभरात झडलं. चूक माझी होती. तेव्हापासून पहिलं पाणी संडासाला आणि शेवटचं, खळबळण्याचं पाणी झाडांना, असं मी सांगतो.

पावसाळ्याआधी गच्चीचं काम करून घ्या. तुमची गच्ची हजार चौरस फूट धरली तर ती ९३ चौरस मीटर होते. लातूरला ७०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला ऐंशी टक्के हाती लागला, तर ५२ हजार लिटर पाणी होतं. ते सगळं साठवायला जागा नाही, पण २५ मिलिमीटरच्या एका चांगल्या पावसात अठराशे लिटर पन्हळीतून उतरतात, ते थेट हौदात घ्या. पहिले दोन पाऊस वाहून जाऊ द्या, गच्चीवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण धुऊन निघते. पुढे वाळू-खडीची गाळणी बसवा. हे पाणी धुण्याभांड्याला, अंघोळीला वापरा. हौद भरल्यावर जादाचं पाणी बंद पडलेल्या बोअरकडे वळवता येतं, पण गाळल्याशिवाय कधीही नाही, आणि संडासाचा खड्डा जवळ असेल तर मुळीच नाही. एकदा बोअरमध्ये घाण उतरली की ती काढता येत नाही आणि शेजाऱ्यांचंही पाणी बिघडतं.

हे सगळं एका दिवसात करू नका. आज रात्री फक्त हौदाची रेघ आणि टाकीची काठी. उद्या फ्लशमध्ये नीळ. परवापासून पाईप बंद आणि झारी चालू. येत्या पाण्याच्या पाळीला हौद भरला की तारीख भिंतीवर लिहा आणि तो कोणत्या दिवशी संपतो ते कळवा. सातव्या दिवसापर्यंत आलात तर पुढचं ठिबकाचं आणि गच्चीचं बोलू. पाचव्याच दिवशी संपला, तर हौदाच्या पाईपच्या सांध्याचा जवळून फोटो काढून पाठवा.